आईची प्रतिकारशक्ती कमी नसते

पावसाळा लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "तुझी प्रतिकारशक्तीच कमी आहे." मूल बालवाडीतून गळतं नाक घेऊन येतं, दोन-तीन दिवसांत आईला कणकण जाणवू लागते, आणि सासूबाईंपासून कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत सगळे तिच्यात उणीव शोधू लागतात. ती वेळेवर जेवत नाही, फळं खात नाही, फ्रिजमधलं पाणी पिते, रात्री केस धुते. उपायही मग तिनेच करायचे. सकाळी अनशापोटी काढा, रात्री हळदीचं दूध, मधे व्हिटॅमिन सीची गोळी. आरोग्याची सदरं हेच सांगतात आणि जाहिराती त्यावर पावडरी विकतात. हे निदान चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि त्यातून निघणारा उपचार आईवर अन्याय करणारा आहे.

पूर्वपक्षाला त्याचं देणं आधी देऊ. एकाच विषाणूशी गाठ पडलेली सगळी माणसं सारखी आजारी पडत नाहीत, हे खरं. झोप, आहार आणि ताण यांचा त्याच्याशी संबंध आहे, हेही खरं. लहान मुलांच्या आया वडिलांपेक्षा जास्त वेळा आजारी पडतात, हे तर नोंदी ठेवून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १९४८ पासून जवळजवळ दहा वर्षं काही कुटुंबांतला प्रत्येक सर्दी-खोकला टिपून ठेवला गेला. मुलं आजार घरात आणतात आणि मोठ्यांपैकी तो वडिलांपेक्षा आईला जास्त गाठतो, हे त्यातून स्पष्ट झालं. त्यावरून आईचं शरीरच लेचंपेचं असतं, हे अनुमान वरवर पाहता सरळ वाटतं.

पण ते अनुमान तपासायचं तर एक अट पाळावी लागेल. आईबाप झालेली माणसं आणि न झालेली माणसं यांना सारख्याच मात्रेत विषाणू द्यायचा आणि मग कोण आजारी पडतं ते बघायचं. असा प्रयोग झालेला आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांचे सहकारी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालत, त्यांना काही दिवस इतरांपासून वेगळं ठेवत आणि रोज तपासत. अशा ७९५ जणांची माहिती त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. मुलं असलेल्यांना सर्दी होण्याची शक्यता मुलं नसलेल्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी निघाली. हा फरक २४ वर्षांवरच्या आईबापांत दिसला; त्याहून तरुण आईबापांत दिसला नाही.

यावर शंका येईल की मुलांमुळे आईबापांना तो विषाणू आधीच भेटून गेला असेल, रक्तात प्रतिपिंडं तयार असतील, त्यात नवल ते काय? संशोधकांनाही ही शंका आली होती. विषाणू देण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाच्या रक्तातली प्रतिपिंडं मोजली होती, आणि तो हिशेब वजा केल्यावरही फरक उरला. तो कशामुळे उरतो हे या अभ्यासातून कळत नाही. पण पालकत्वामुळे शरीर दुबळं होतं, ही समजूत त्याने मुळापासून हलवली. सारखा विषाणू दिला तर आईबापांचं शरीर इतरांपेक्षा चांगलं झुंजतं. तरीही घरात आईच जास्त वेळा आजारी पडत असेल, तर कारण तिच्या रक्तात शोधण्याआधी तिच्या दिवसात आणि रात्रीत शोधायला हवं.

तापलेल्या मुलाजवळची ती रात्र नीट पाहा. दोन वर्षांचं पोर छातीवर पालथं पडलेलं असतं आणि प्रत्येक खोकला सरळ तिच्या तोंडावर येतो. नाक गळतं तेव्हा हाताशी असतो ओढणीचा नाहीतर पदराचा शेव. त्यानेच पुसायचं आणि तोच पुन्हा खांद्यावर टाकायचा. थर्मामीटर काखेत धरून बसायचं, कपाळावरची पट्टी बदलायची, मधेच उलटी झाली तर चादर काढून बादलीत भिजवायची. सकाळी त्याने चार घास खाऊन टाकलेला मऊ भात टाकवत नाही, म्हणून त्याच चमच्याने तो ती संपवते. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं वैद्यकशास्त्र स्वाभाविक मानतं. घरात दोन मुलं असली तर अशा रात्री किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. या मात्रेपुढे कुणाचीही प्रतिकारशक्ती कधी ना कधी हरणारच.

आता काढ्याचं. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका घालून काढा घ्यायला सांगितलं आणि तो घरोघरी उकळू लागला. गरम पेयाने बरं वाटतं हा अनुभव खोटा नाही. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ साली सर्दी झालेल्यांना फळांच्या रसाचं गरम पेय देऊन पाहिलं, तेव्हा घशाची खवखव, थंडी वाजणं आणि थकवा यांत त्यांना लगेच आराम वाटला. नाकातून हवा किती जाते हे यंत्राने मोजलं तर त्यात मात्र फरक नव्हता. म्हणजे काढा, आल्याचा चहा, गरम सार हे सगळं आजारात सुख देणारं आहे आणि तेवढ्यासाठी अवश्य घ्यावं. वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यावर चमचाभर मधही चालतो. त्याआधी अजिबात देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. पण काढा प्यायल्याने पुढची सर्दी टळते, असं समजायला आधार नाही.

व्हिटॅमिन सीची कथा जास्त बोलकी आहे, कारण तिच्यामागे मोठं नाव होतं. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी सर्दी रोखता येते असं जगाला सांगितलं, आणि जगाने ते मानलं. त्यानंतर झालेल्या चाचण्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासल्या गेल्या. सर्वसाधारण माणसांनी रोज गोळी घेतल्याने सर्दी होण्याचं प्रमाण घटत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्यात जेमतेम अर्धा ते एक दिवस. तेही गोळी रोज चालू असेल तर. शिंका सुरू झाल्यावर घेतल्याचा ठरावीक फायदा दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दी निम्म्यावर आली. तेव्हा आवळा, पेरू, लिंबू खावं, चवीने खावं. गोळ्यांच्या बाटलीवर घरखर्चातले पैसे घालू नयेत.

ज्या गोष्टीचा परिणाम मोजता आला आहे ती दुकानात मिळत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोहेन यांच्याच चमूने १६४ जणांच्या मनगटाला यंत्र बांधून आठवडाभर त्यांची झोप मोजली आणि मग नाकात विषाणू घातला. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. वय, ताण, शिक्षण, धूम्रपान असे बाकीचे घटक हिशेबात धरूनही हे टिकलं. इथे पूर्वपक्ष म्हणेल, बघा, प्रतिकारशक्तीचाच प्रश्न निघाला की नाही! निघाला, मान्य. पण ही प्रतिकारशक्ती रोज रात्री तिच्याकडून काढून घेतली जाते, आणि दिवसा काढ्याच्या पेल्यात ती परत मिळेल असं तिला सांगितलं जातं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला त्यावर २८९ मिनिटं वेळ गेला आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. घरच्यांची शुश्रूषा आणि सांभाळ यांचा हिशेब वेगळा, तिथे बायकांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५. पावणेपाच तास घरकाम, त्यावर सव्वादोन तास सांभाळ, शिवाय नोकरी असेल तर ती. सात तासांची झोप यातून कुठून काढायची? "स्वतःकडे लक्ष दे" असं तिला प्रेमाने सांगणारी माणसं तिच्या यादीत आणखी एक काम वाढवत असतात.

मग आईने निरोगी राहायचं तरी कसं? माझं उत्तर असं की त्यातलं बरंचसं घराने करायचं आहे.

पहिली गोष्ट लशीची, आणि तिच्या वेळेची. फ्लू हिवाळ्यात येतो ही समजूत आपण थंड देशांकडून उचलली. पुण्या-मुंबईकडे त्याची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि पुढे जानेवारी ते मार्चच्या सुमारास पुन्हा डोकं वर काढते. २००९ च्या स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तो ऑगस्टमध्ये, शाळा भरात असताना. म्हणून आपल्याकडे लस पाऊस सुरू होण्याआधी घ्यावी, कारण तिचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात. दिवाळीनंतर आठवण होणं म्हणजे मोठी लाट ओसरल्यावर जागं होणं. गरोदर बाईने तर ती चुकवूच नये. बांगलादेशातल्या ढाक्यात ३४० गरोदर स्त्रियांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना फ्लूची लस मिळाली त्यांच्या तान्ह्यांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला आणि त्या आयांचे स्वतःचे तापाचे आजारही एक तृतीयांशाहून जास्त घटले. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला मिळतं ते आईकडून आलेलं संरक्षणच. महाराष्ट्रात गरोदर स्त्रियांना सरकारी रुग्णालयांतून ही लस मोफत देण्याची सोय २०१५ पासून केली गेली, तेव्हा नाव नोंदवतानाच तिची चौकशी करावी. आणि गरोदरपणात फ्लूसारखा ताप आलाच, तर दोन दिवस वाट बघू असं म्हणू नये. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं आणि गरोदर स्त्रीला ते तपासणीचा निकाल येण्याआधी सुरू करण्याची मुभा सरकारी सूचनांतच आहे.

दुसरी गोष्ट हातांची. कराचीच्या झोपडपट्ट्यांत साबण वाटून हात धुण्याची सवय लावली, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला. साधा साबण आणि जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण यांत फरक पडला नाही. हाँगकाँगमधल्या घरांत फ्लूच्या रुग्णाच्या घरच्यांनी हात धुणं आणि मास्क दोन्ही सुरू केलं, तेव्हा लक्षणं दिसल्यापासून ३६ तासांच्या आत ज्यांनी केलं त्यांच्याच घरांत फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे पहिली शिंक आली त्याच संध्याकाळी खिडकी उघडायची, मुलाचं ताट-वाटी-चमचा वेगळा काढायचा, नाक पुसायला जुन्या सुती धोतराचे तुकडे करून ठेवायचे आणि ते धुवायला टाकायचे. आईला स्वतःला ताप असला तरी अंगावर पाजणं थांबवायचं नाही. मास्क लावून, हात धुऊन पाजावं.

तिसरी गोष्ट रात्रीच्या वाटणीची, आणि खरा विरोध इथे होतो. "आईशिवाय मूल राहतच नाही." अंगावर पिणाऱ्या बाळाबाबत हे बरंचसं बरोबर आहे. पण चार वर्षांचं मूल वडिलांजवळ राहत नाही, कारण एरवी कधी ते रात्री त्यांच्याजवळ झोपलेलंच नसतं. ही सवय मूल बरं असताना लावावी लागते. तापात ती लागत नाही. दुसरी हरकत नोकरीची, आजारपणात सुट्टी मिळत नाही ही, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईचा एक खाडा झाला की पगार कापला जातो, म्हणून ती तापातच चार घरची भांडी घासते, आणि त्या चार घरांत तिचा खोकला पोचतो. तिला आजारपणाची भरपगारी सुट्टी देणं हे त्या घरांच्याही आरोग्याच्या हिताचं आहे. आणि ते लगेच, पुढच्या महिन्यापासून करता येण्यासारखं आहे.

ऑफिसात जाणाऱ्या आईची आजारपणाची रजा मुलांच्या तापात संपते आणि स्वतःच्या तापात ती कामावर असते. बापाने मुलासाठी रजा घ्यावी म्हटलं, तर सरकारी नोकरीत नियमच आड येतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. हा चांगला निर्णय होता. पण पुरुष कर्मचाऱ्याला ती मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. आई धडधाकट असेपर्यंत तापलेल्या मुलाजवळ बापाने बसण्याचं कारण नाही, असं हा नियम धरून चालतो. ती अट काढून टाकली पाहिजे.