नव्या वेषांतील जुनी कथा

जुनी कथा आजच्या वेषांत सांगावी, अशी हौस प्रत्येक पिढीस असते. आइसलंडांतील मध्ययुगीन सागांपैकीं न्यालची सागा वाचतांना आम्हांसही ती झाली. मात्र पात्रांचीं वस्त्रें बदललीं म्हणजे काम झालें, असें मानणाऱ्यांनीं या कथेचा एक सांधा आधीं तपासावा.

आइसलंडाची लोकसभा, आल्थिंग, ९३० च्या सुमारास स्थापन झाली. कायदे होते, न्यायसभा होत्या, कायदा तोंडपाठ म्हणून दाखविणारा अधिकारीही होता. राजा मात्र नव्हता, कीं शिपाई नव्हता. निवाडा मिळे, बजावणी ज्याची त्यानें करावी! न्यालसारखा शांतताप्रिय कायदेपंडित अखेर मुलांसह घरांत जळून मरतो, तो कायद्याच्या अभावीं नव्हे, तर कायद्यामागें हात नसल्यामुळें. ही कथा पोलीस चौकीशेजारीं नेऊन बसविली, तर तिचा प्राणच जाईल.

खाडिलकरांची वाट निराळी. ‘कीचकवधां’त (१९०७) त्यांनीं विराटाचा दरबार जागचा हलविला नाहीं. प्रेक्षकांनीं कीचकांत कर्झनसाहेब आपण होऊन पाहिले; सरकारासही ते दिसले, आणि १९१० सालीं नाटकावर बंदी आली.

पण न्यालला आपल्याकडे आणावयाचेंच, तर कोठें? नंदुरबार शहरांत नव्हे. १९९८ सालीं निराळा झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्यांत, काठीसारखीं मेवासी संस्थानें होतीं. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ सालीं औट्रमनें भिल्लांची पलटण उभारली. त्यापूर्वींच्या त्या डोंगरांत, जेथवर वरच्या सत्तेचा हात जेमतेम पोहोंचे, ही सूडाची कथा आम्हांस शोभेलशी वाटते. हा काळ आधुनिक कसला, असें कोणी म्हणेल; सहस्र वर्षांपूर्वींच्या कथेपुढें दोनशें वर्षें म्हणजे कालचीच गोष्ट.

तरी एक प्रसंग अडतो. वीर गुन्नार शत्रूंनीं वेढलेल्या घरांतून एकटा झुंजत असतां त्याच्या धनुष्याची दोरी तुटते. ती वळण्यासाठीं तो पत्नी हाल्गेर्डजवळ केसांच्या दोन बटा मागतो. त्यानें पूर्वीं मारलेल्या थपडेची आठवण देऊन ती नाहीं म्हणते, आणि तो मरतो. साऱ्या सागेंत याहून कठोर क्षण नाहीं. पण भिल्लांच्या धनुष्याची दोरी परंपरेनें बांबूच्या पातळ पट्टीची; तेथें केस काय कामाचे? सातपुड्यांतल्या गुन्नारानें बायकोजवळ काय मागावें, तें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.