कळफलकावरची वर्णमाला

आपला क्वर्टी कळफलक १८७०च्या दशकातल्या टाइपरायटरचा वारस. बोटांची धावपळ कमी व्हावी म्हणून ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांनी नवी मांडणी केली. १९३६ साली पेटंट मिळालं. तिच्यात सगळे स्वर डाव्या हाताखाली, मधल्या ओळीत. तरीही जग क्वर्टीवरच राहिलं.

भारताच्या १९९१च्या मानकातली इनस्क्रिप्ट मांडणीही तशीच: स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. क-ख एका कळीवर, ग-घ एका कळीवर. शिफ्ट दाबला की ख, घ.

रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणं सोपं खरं, पण मुलं आधी स्पेलिंग शोधतात, मग अक्षर. इनस्क्रिप्टमध्ये बोट थेट ‘ळ’वर जातं. विंडोजमध्ये मराठी कळफलक निवडला की हीच मांडणी मिळते. सुट्टीत रोज दहा मिनिटं मुलांसोबत बसून बघा.