जमिनीची परवानगी आणि वाटेचा हक्क: डहाणू व तलासरीचा अनुभव

एखाद्या जमिनीवर काय उभारता येईल हे ठरवणारे कायदे आणि त्याच जमिनीतून कोणाला जाता-येता येईल हे ठरवणारे कायदे महाराष्ट्रात वेगवेगळ्या काळी घडले, आणि आजही त्यांची अंमलबजावणी बहुधा वेगवेगळ्या कार्यालयांतून होते. शेतीच्या पट्ट्यात खासगी गोल्फ क्लब, रिसॉर्ट किंवा बंगल्यांची वसाहत उभी राहू लागली की हे दोन्ही प्रश्न एकाच कुंपणापाशी येऊन भिडतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या शेजारी तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण जमिनीच्या वापरावर देशातील सर्वांत कडक निर्बंधांपैकी काही निर्बंध डहाणूत लागू झाले, परंतु वाटांचा प्रश्न मात्र जुन्या महसुली कायद्यांवरच सोडला गेला.

ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले, तेव्हा भातखाचरांखेरीज उरलेली डोंगरउताराची जमीन ‘वर्कस’ म्हणून नोंदली गेली. वर्कस म्हणजे नाचणी-वरईसारखी हलकी पिके, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, लागणारा पालापाचोळा आणि गवत देणारी जमीन. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना रेल्वेने जाऊ लागले, त्याला बाजारभाव आला आणि गवताच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती एकवटत गेल्या. वारली आदिवासी कुटुंबे पूर्वी कसत असलेल्या जमिनीवरच कूळ किंवा वेठबिगार होऊन राबू लागली. जंगल राखीव झाल्यावर लाकूडफाट्यासाठीच्या जुन्या वाटाही परवानगीच्या कक्षेत गेल्या. नोंदीत नाव असलेल्याची जमीन पक्की झाली, पण तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्याची वहिवाट त्याच नोंदीत तेवढ्या ठळकपणे उतरली नाही.

या व्यवस्थेला पहिला संघटित नकार 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे भरलेल्या वारल्यांच्या परिषदेत उमटला. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार संपवण्याची आणि गवतकापणीला योग्य मजुरी देण्याची मागणी पुढे आली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड हुतात्मा झाले. पुढे 1960 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, तर झरीचा परिसर महाराष्ट्रात राहून तलासरीत मोडू लागला. 1948 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 मध्ये घातलेल्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर पूर्वपरवानगीची अट आली. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यान्वये ग्रामसभेलाही जमिनीविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला.

जमिनीचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचा वापर ठरवून देण्याची पद्धत मात्र शहरांतून आली. मुंबई प्रांताने 1915 मध्ये नगररचना कायदा केला आणि त्यानंतरच्याच वर्षी न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी विभागवार नियम लागू केले. महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने हे तत्त्व शहराबाहेरच्या प्रदेशालाही लागू केले. त्याला समांतर अशी बिनशेती परवानगी, म्हणजे शेतजमीन अन्य कामासाठी वापरण्याची महसूल खात्याची मुभा, जमीन महसूल संहितेच्या कलम 44 खाली मिळू लागली. साहजिकच परवानगीच्या अर्जात जमिनीचा मालक आणि तिचा प्रस्तावित वापर यांनाच प्राधान्य मिळाले.

डहाणूत निर्णायक वळण आले ते औष्णिक वीजप्रकल्पाच्या वादातून. 500 मेगावॉटच्या या प्रकल्पाला चिकूच्या बागा, मासेमारी आणि जंगल यांच्या रक्षणासाठी स्थानिक पर्यावरण संघटनांनी न्यायालयात आव्हान दिले. प्रकल्प थांबला नाही, पण 20 जून 1991 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी होऊन लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, उद्योगांना बंदी झाली; उद्योगांखालील एकूण क्षेत्र 500 एकरांपुरते मर्यादित झाले; हरित पट्टे, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रे यांच्या जमिनीचा वापर बदलण्यास मनाई झाली; आणि तालुक्याच्या सीमेभोवती 25 किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा राखण्याचे ठरले. तलासरी या पट्ट्यात येते. त्यामुळे शेजारच्या गावांत निर्बंधांचे स्वरूप भिन्न राहिले: एकीकडे जमिनीच्या वापरावरच बंधन, तर दुसरीकडे मुख्यतः उद्योगांवर.

या अधिसूचनेच्या अंमलबजावणीसाठी पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 1996 रोजी निकाल दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण येथील बंदराला नकार दिला आणि वीजप्रकल्पाला धुरातील गंधकवायू काढून टाकणारी यंत्रणा बसवायला लावली. राज्याने 2020 मध्ये आणलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतूनही पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्रे वगळली गेली. म्हणून इतरत्र शेती विभागात गोल्फ मैदानासारख्या वापराला ज्या वाटेने मुभा मिळू शकते, ती वाट डहाणूत तशीच खुली नाही.

या कडक चौकटीतही पायवाटेचा प्रश्न तहसीलदाराच्या कचेरीतच राहिला. गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. पायवाटेची प्रमाण रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. अशी वाट अडवली गेली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली अडथळा दूर करण्यासाठी दाद मागता येते, मात्र अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. वाट नकाशावर नसली आणि शेतापर्यंत पोचायला दुसरा मार्ग नसला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार स्थळपाहणी करून बांधावरून रस्ता देऊ शकतो. मंजूर वाटेची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात झाली, तरच नव्या खरेदीदाराला ती अमान्य करणे अवघड जाते. पाड्यावरच्या, जमीन नावावर नसलेल्या मजुराला मात्र अशी दाद मागणे कठीण जाते, कारण कलम 143 मुळात शेत धारण करणाऱ्याच्या गरजेभोवती रचलेले आहे.

आता परिस्थिती पालटली आहे. द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनचे मार्ग या भागातून जात आहेत. प्राधिकरणाने 2023 मध्ये वाढवण बंदराला सशर्त ना-हरकत दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. जमिनीला मोल आले की कुंपणेही वाढतात. अशा वेळी 1991 ची अधिसूचना पुरेशी नाही, कारण तिने बागा आणि जंगल राखण्याचा विचार केला, पण त्या बागांतून पाड्याकडे जाणाऱ्या माणसाला स्वतंत्र हक्कदार मानले नाही. कोणतीही बिनशेती किंवा विकास परवानगी देण्याआधी गावनकाशावरील आणि प्रत्यक्ष वहिवाटीतील प्रत्येक वाटेची ग्रामसभेसमोर नोंद घेणे, आणि ती खुली ठेवण्याची अट परवानगीतच घालणे, ही सुधारणा आवश्यक आहे. झरीच्या परिषदेपासून चालत आलेल्या संघर्षाचे सूत्रही हेच आहे की जमिनीवर राबणाऱ्याचा हक्क कागदावर आला पाहिजे, आणि त्या हक्कात तिच्यावरून जाण्याचा हक्कही मोडतो.