ड्रिफ्टिंगच्या सरावासाठी अल्पखर्चिक स्वयंचलित मोटार : पूर्वतयारी आणि दक्षता

वळणावर मोटारीची मागील चाके हेतुपुरस्सर घसरू द्यायची आणि स्टिअरिंग वळणाच्या विरुद्ध दिशेला फिरवून, अ‍ॅक्सिलरेटरच्या साहाय्याने ती घसरण ताब्यात ठेवायची, या चालनकौशल्याला ‘ड्रिफ्टिंग’ असे म्हणतात. जपानी शर्यतपटू कुनिमित्सु ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात हे तंत्र शर्यतींमध्ये वापरले. पुढे केइची त्सुचिया यांनी ते लोकप्रिय केले. जपानमध्ये २००१ साली ‘डी-१ ग्रां प्री’ आणि अमेरिकेत २००४ साली ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ या स्पर्धामालिका सुरू झाल्या.

स्पर्धेतील मोटारींना सहसा हाताने बदलावयाचे गिअर आणि क्लच असतो. तथापि, मागील चाकांना शक्ती देणाऱ्या अशा जुन्या मोटारींना मागणी वाढल्याने अनेक नवशिके तुलनेने स्वस्त मिळणाऱ्या स्वयंचलित मोटारींकडे वळतात. अशी मोटार शिकण्यास पुरेशी असते. मात्र उपलब्ध पैसा इंजिनाची शक्ती वाढविण्यावर न खर्चिता प्रथम उष्णतानियंत्रण, टायर आणि सुरक्षितता यांवर खर्च करणे आवश्यक आहे.

मोटारीची निवड

पहिली अट मागील चाकांना शक्ती मिळण्याची आहे. पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून मागील चाकांची घसरण टिकविता येत नाही. अमेरिकेतील ‘लेक्सस आयएस ३००’ हे या संदर्भातील एक परिचित उदाहरण होय. ३ लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि पाच टप्प्यांचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेली ही मोटार तेथे प्रारंभी केवळ स्वयंचलित स्वरूपातच विकली जात होती. हॅन्डब्रेक हाताने ओढण्याचा असावा. पायाने दाबावयाचा किंवा बटणावर चालणारा ब्रेक सरावास गैरसोयीचा ठरतो.

गिअरबॉक्स आणि उष्णता

स्वयंचलित मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातील एक पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोरावर समोरचा दुसरा पंखा फिरतो. दोन्ही पंख्यांच्या वेगांत तफावत पडली की वाया जाणाऱ्या शक्तीचे रूपांतर उष्णतेत होते. ड्रिफ्टिंगमध्ये हा प्रकार वारंवार घडतो. अतितप्त तेलाचा गुणधर्म बिघडतो आणि गिअरबॉक्समधील क्लचच्या चकत्या जळू लागतात.

म्हणून पहिला खर्च निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल आणि जादा ऑइल कूलर यांवर करावा. हा कूलर रेडिएटरच्या पुढे, हवा लागेल अशा जागी बसवावा. रेडिएटरमधून आलेले तेल त्यातून जाऊन गिअरबॉक्सकडे परतेल अशी जोडणी करावी. तेलाचे तापमान दाखविणारा मापकही उपयुक्त ठरतो. तेल काळपट झाल्यास किंवा त्याला जळका वास आल्यास सराव तत्काळ थांबवावा.

गिअरचा दांडा ‘डी’मध्ये ठेवल्यास ऐन घसरणीत गिअर आपोआप बदलून मोटारीचा तोल बिघडू शकतो. त्यामुळे ‘२’ किंवा ‘एल’ या स्थितीचा वापर करावा. न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती वाढवून एकदम ‘डी’मध्ये दांडा टाकण्याचा प्रयोग कदापि करू नये. क्लचच्या झटक्याला पर्याय म्हणून काही जण तो करतात; परंतु त्या आघाताने गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. क्लचअभावी घसरणीचा प्रारंभ हॅन्डब्रेकने अथवा ब्रेक सोडताना होणाऱ्या भारांतरणाने करावा.

डिफरन्शियल, टायर आणि अन्य भाग

साध्या डिफरन्शियलमुळे वळणावर आतल्या बाजूचे एकच चाक फिरत राहते आणि घसरण तुटते. दोन्ही चाकांना शक्ती पोहोचविणारे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हा त्यावरील योग्य उपाय होय. डिफरन्शियलचे आतील गिअर वेल्डिंगने जखडणे स्वस्त पडते. मात्र दोन्ही चाके सदैव एकाच वेगाने फिरत असल्याने टायर व अ‍ॅक्सल यांवर ताण येतो आणि अशी मोटार रस्त्यावर वापरण्यायोग्य राहत नाही.

पुढील टायर उत्तम पकडीचे असावेत. मागील टायर साधे चालतात, पण त्यांच्या तारा उघड्या पडलेल्या नसाव्यात. टाय रॉड, बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे तेल, रेडिएटरचे पाइप आणि चाकांचे नट यांची तपासणी प्रत्येक सरावापूर्वी करावी. बॅटरी घट्ट बांधावी आणि मोटारीतील सुट्या वस्तू काढून टाकाव्यात. चालकाला घट्ट धरून ठेवणारे आसन, सीट बेल्ट, हेल्मेट आणि हाताशी अग्निशामक या बाबतींत काटकसर करू नये.

सरावाचा क्रम

प्रथम मोकळ्या, ओल्या व सपाट जागेत एका शंकूभोवती वर्तुळाकार घसरण, त्यानंतर दोन शंकूंभोवती इंग्रजी आठच्या आकड्याची फेरी आणि अखेरीस दोन वळणांची जोडणी, असा क्रम ठेवावा. ओल्या पृष्ठभागावर कमी वेगात घसरण साधते व टायरही वाचतात. स्थिरता-नियंत्रण यंत्रणा केवळ या सरावापुरतीच बंद करावी. काही मिनिटांच्या सरावानंतर मोटार संथ गतीने चालवून तेल थंड होऊ द्यावे.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात सार्वजनिक रस्त्यावर असा सराव करणे हा गुन्हा ठरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ अन्वये धोकादायक वाहनचालन, तर कलम १८९ अन्वये अनुमतीविना शर्यत वा वेगचाचणी शिक्षापात्र आहे. निर्मात्याने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करण्यास कलम ५२ प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब अधोरेखित केली. त्यामुळे सरावाची मोटार रस्त्यावर न चालवता दुसऱ्या वाहनावर लादून नेणे इष्ट ठरते.

चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे बंदिस्त धावपट्ट्या आहेत. अशा ठिकाणी व्यवस्थापनाची अनुमती घेऊन, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि वैद्यकीय साहाय्य उपलब्ध असतानाच सराव करावा. मध्यरात्रीचा रिकामा रस्ता हा त्याला पर्याय नव्हे. तेथे होणाऱ्या चुकीची किंमत अनेकदा वाटेने जाणाऱ्या निरपराध व्यक्तीला मोजावी लागते.