काट्यावरचे वजन, कागदावरचे वजन

परदेशातून आणलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारची नोंदणी करताना इंजिन नंबर मिळतो, चासी नंबर मिळतो, उत्पादनाचे वर्षही मिळते. घोडे अडते ते वजनापाशी. कंपनीचे माहितीपत्रक एक आकडा सांगते, वर्कशॉप मॅन्युअल दुसरा आणि त्या काळच्या मोटार मासिकातली चाचणी तिसरा. मालक मग त्यातला सगळ्यांत अधिकृत दिसणारा आकडा उचलून अर्जात भरतो. मला हे चुकीचे वाटते. मोटारीचे वजन आजवर कोणीही निव्वळ कुतूहलापोटी लिहून ठेवलेले नाही. कोणाला रस्ता वाचवायचा होता, कोणाला कर घ्यायचा होता, तर कोणाला शर्यतीत उतरायचे होते. आकडा कोणत्या कामासाठी लिहिला गेला हे समजेपर्यंत तो नोंदणीच्या कामाचा नाही.

सुरुवात रस्त्यापासून झाली. ब्रिटनच्या १८९६ च्या कायद्याने तीन टनांपेक्षा हलक्या वाहनांना वाफेच्या अवजड इंजिनांवरील जाचक बंधनांतून मोकळे केले. मोटार आणि रोड रोलर यांच्यातली सीमा वजनाने आखली गेली. पुढे मात्र तिथल्या सरकारने कारवरचा कर अश्वशक्तीवर बसवला, आणि ती अश्वशक्तीही सिलिंडरचा व्यास आणि संख्या यांवरून काढलेली. कारच्या वजनाशी करखात्याला फारसे कर्तव्य उरले नाही. तीनचाकींचे तसे नव्हते. आठ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे ४०६ किलोंच्या आत राहणाऱ्या तीनचाकीला सवलत होती, म्हणून मॉर्गनसारख्या कारखान्याला एकेक किलो मोजावा लागे. याच्या उलट नेदरलँड्स: तिथे १९२७ पासून रस्ताकर आला तो वजनावर, आणि आजही कारचा कर मुख्यतः वजनावरच ठरतो. एखादी ब्रिटिश कार समुद्र ओलांडून तिकडे गेली की अडचण उभी राहते ती इथेच. ज्या देशाने वजन विचारलेच नाही, त्याच्या कागदपत्रांत ते सापडणार कसे?

माहितीपत्रकांतला गोंधळ वेगळा. इटालियन कंपन्या बहुधा कोरडे वजन छापत, म्हणजे पेट्रोल, तेल, पाणी वगळून. अमेरिकेत जहाजावर किंवा रेल्वेत चढवताना धरायचे वजन छापले जाई. ब्रिटिश चाचण्यांत रस्त्यावर निघायला तयार असलेल्या गाडीचे वजन असे. जॅग्वार ई-टाइपच्या १४ गॅलनच्या टाकीत मावणारे पेट्रोलच जवळजवळ ४७ किलो भरते. त्यात ब्रिटिश हंड्रेडवेट ११२ पौंडांचा आणि अमेरिकन १०० पौंडांचा. '२४ हंड्रेडवेट' हा आकडा एका मापाने १,२१९ किलो होतो आणि दुसऱ्याने १,०८९. एवढ्या फरकात दोन माणसे बसतील.

शर्यतींनी तर वजनाला डावपेचाचे रूप दिले. १९३४ ते १९३७ या काळात ग्रां प्री गाडीला ७५० किलोंची कमाल मर्यादा होती, तीही इंधन, तेल, पाणी आणि टायर सोडून. मर्सिडीजची गाडी एका किलोने जास्त भरली म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि 'सिल्व्हर अ‍ॅरो' जन्मले, ही कथा प्रसिद्ध आहे. इतिहासकारांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत, तरी ती टिकली, कारण एका किलोला काय मोल होते ते तिच्यातून पटते. त्याहून बोलके उदाहरण पोर्शेच्या १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ चे. शर्यतीची मान्यता मिळवायला ५०० गाड्या बांधायच्या होत्या. अखेर १,५८० बांधल्या गेल्या. हलक्या 'स्पोर्ट' प्रकारात दार ओढायला हँडलऐवजी पट्टा आहे, मागची बाके काढलेली आहेत, पत्रा आणि काच पातळ आहे. तिचे वजन ९६० किलो. त्याच नावाच्या 'टुरिंग' प्रकाराचे १,०७५. कंपनी एक, वर्ष एक, इंजिन तेच आणि फरक ११५ किलोंचा. मान्यतेच्या कागदावरून टुरिंग गाडीचे वजन भरणाऱ्याने भलत्याच गाडीची नोंद केली असे होईल.

म्हणून माझे मत वजनकाट्याच्या बाजूने आहे. यावर पहिला आक्षेप असा येतो की पन्नास वर्षांत गाडी बदललेली असते, डागडुजीत पत्रा आणि रंग चढलेला असतो. काटा आजचे वजन सांगेल, मूळ नव्हे. खरे आहे. पण ब्रेक आणि टायर आजचेच वजन पेलतात, आणि नोंदणी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची असते. शिवाय 'मूळ वजन' म्हणून जे मिळते ते बहुधा त्या मॉडेलचे असते. कारखान्यांच्या अभिलेखागारातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांत रंग, इंजिन क्रमांक, पाठवणीची तारीख असते. प्रत्येक कार काट्यावर चढवून पाठवण्याची पद्धतच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला मान्य आहे. रिकामे वजन काटा सांगतो, पण माणसे-सामानासह गाडीने जास्तीत जास्त किती भार पेलावा हे कोणताही काटा सांगू शकत नाही. तो आकडा बनवणाऱ्याने जाहीर करायचा असतो. अ‍ॅक्सल, स्प्रिंग आणि चौकटीच्या ताकदीवरून तो ठरतो. त्यासाठी कंपनीची पाटी, मॅन्युअल किंवा निर्यातीच्या देशातली जुनी मान्यतापत्रे शोधलीच पाहिजेत. तिथे कागदाला पर्याय नाही.

आपल्याकडे ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम २०२१ मध्ये आले, पण रिकाम्या वजनाची व्याख्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचीच आहे. त्यात नेहमीची साधनसामग्री धरलेली आहे आणि चालक वगळलेला आहे. आजचे युरोपीय नियम मात्र ७५ किलोंचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी धरून वजन मांडतात. तेव्हा युरोपातून आलेला कागद हाती असेल तर त्यात चालक धरला आहे का, हे आधी पाहा. गाडी काट्यावर नेताना स्टेपनी आणि जॅक आत असू द्या, आणि टाकीत पेट्रोल किती होते ते काट्याच्या पावतीवरच लिहून घ्या.