फेसाचा इतिहास

पेयांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या अंगाने लिहिला जातो, कारण यंत्रांना पेटंट असते आणि पेटंटला तारीख असते. हातांना यांपैकी काहीच नसते. मराठी घरांत ‘एस्प्रेसो’ या नावाने जे पेय रुळले, त्याचा विचार करताना ही विषमता आम्हांस प्रकर्षाने जाणवते.

यंत्राची वंशावळ सहज सांगता येते. १८८४ मध्ये तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक पेला तत्काळ करून देणारे यंत्र सिद्ध केले. पुढे १९३८ चे पेटंट आणि युद्धोत्तर काळातील तरफेचे यंत्र यांमुळे आकिल्ले गाज्जा यांचे नाव या मालिकेत आले. वाफेऐवजी गरम पाण्याचा मोठा दाब कॉफीच्या भुकटीवर पडू लागला आणि पेल्यावर सोनेरी साका दिसू लागला. इटलीत एस्प्रेसो म्हणजे हाच लहानसा, काळा, दाट घोट. त्यात वाफेने फुलवलेले दूध मिसळले की त्याचे नाव बदलते. ते कापुचिनो होते.

मराठीत नेमके उलटे घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लग्नाच्या स्वागतसमारंभांतून आणि शीतपेयगृहांतून जे चकचकीत यंत्र आपल्यासमोर आले, त्यात कॉफीवर दाब येतच नसे. सूं सूं आवाज करीत वाफ शिरे ती दुधात. पेल्यात तयार कॉफीची पूड व साखर, वर ते फेसाळ दूध आणि शेवटी चॉकलेटच्या भुकटीची चिमूट. लोकांनी या पेयालाच ‘एस्प्रेसो’, आणि पुष्कळदा ‘एक्स्प्रेसो’, म्हटले. मूळ शब्दातील दाब गळाला; मराठी अर्थ उरला तो फेसाचा.

हा फेस घरी आणायचा तर वाफेची नळी कोठून आणावी? घरांनी उत्तर शोधले ते चमच्यात. पेल्यात दोन चमचे तयार कॉफी, तिच्या दुप्पट साखर आणि जेमतेम चमचाभर पाणी घेऊन ते घोटत बसायचे. गडद तपकिरी चिकट गोळा हळूहळू फिका होतो, फुगतो, मलईसारखा होतो. मग त्यावर उंचावरून कढत दुधाची धार. पूड पाण्यात पुरी विरघळणारी असल्यामुळे थोड्या पाण्यातही कॉफीतील फेसकारक द्रव्ये दाटीने उतरतात. साखरेचा दाट पाक हवेचे बुडबुडे फुटू देत नाही. गाळून करावयाच्या कॉफीची भरड पूड कितीही घोटली तरी असा फेस धरीत नाही. जायफळ घालून दुधात उकळलेल्या जुन्या घरगुती कॉफीशेजारी ही दुसरी परंपरा उभी राहिली. घोटण्याचे काम बहुधा घरातील मुलींकडे, सुनांकडे, कधी लहान मुलांकडे येई. मनगट दुखे, त्याची नोंद कोठेच नाही.

नोंदीचा हा प्रश्न महाबळेश्वरी अधिकच स्पष्ट होतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८-२९ च्या सुमारास हे थंड हवेचे ठिकाण वसले. आर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट ही स्थळनावे कोणाची स्मृती जपतात, हे सांगणे नलगे. साहेबांचा मोसम उन्हाळ्याचा. पावसाआधी ते गड उतरत. मागे राहत ते येथले रहिवासी आणि सरासरी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास जाणारा पाऊस. अशा दमट हवेत तयार कॉफीच्या बाटलीचे झाकण क्षणभर सैल राहिले तरी पुडीचा खडा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आगेमागेच उकळते. चहाच्या पत्तीला ही उणीव थोडी जाणवते. घोटलेल्या कॉफीला मुळीच नाही, कारण तिचा अर्क कारखान्यातच निघालेला असतो. उरते ते काम चमच्याचे, आणि ते कोणत्याही उंचीवर सारखेच असते.

२०२० च्या टाळेबंदीत ‘दालगोना’ या कोरियन मिठाईच्या नावाने असाच फेस जगभर गाजला. तेथे तो थंड दुधावर तरंगतो. आपल्याकडे कढत दूध त्याच्यावर ओततात. एवढा फरक सोडला तर कृती तीच. जगाने तिला नाव दिले तेव्हा आपल्या स्वयंपाकघरांतील कैक वर्षांच्या घोटण्याचा उल्लेख क्वचितच कोणी केला.

आज पुण्यामुंबईच्या घरांत दाबाची छोटी यंत्रे आणि दूध फुलवण्याच्या नळ्या आल्या आहेत; त्यांबरोबर ‘खरी एस्प्रेसो म्हणजे हे नव्हे’ असे सुधारून सांगणारेही आले आहेत. इटालियन अर्थ त्यांनी जरूर सांगावा. परंतु मराठी अर्थाला चूक म्हणण्याआधी भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. उसना शब्द नव्या घरात अर्थ पालटतो तेव्हा त्या घरात काय घडत होते, याची साक्ष तो देतो. ज्या श्रमांना पेटंट नाही, तारीख नाही, पाटी नाही, त्यांचा पुरावा म्हणून आमच्याजवळ हा एक ‘चुकीचा’ शब्द आहे. तो दुरुस्त केला तर तेवढीही नोंद उरणार नाही.