फत्तेपूर सिक्री ते कुंकळ्ळी

तुम्ही १५८० सालच्या फत्तेपूर सिक्रीत आहात. रात्र बरीच झाली आहे, तांबड्या दगडाच्या भिंती अजून ऊन आहेत. इबादतखान्यात मात्र कुणाला झोप नाही. पाच वर्षांपूर्वी अकबराने धर्मचर्चेसाठी ही जागा उभारली तेव्हा इथे फक्त मुस्लिम विद्वान जमत, आणि कोण कुठे बसणार यावरूनच त्यांची जुंपली होती. पुढे ब्राह्मण आले, जैन यती आले, पारशी आले, चार्वाकमताचे लोकही आले.

काळा झगा घातलेला तो तरुण पाद्री रुडॉल्फ अक्वाविवा. इटलीचा, वय एकोणतीस. बादशहाच्या निमंत्रणावरून दोन साथीदारांसह गोव्याहून दमण, सुरतेमार्गे इथवर आला आहे. ‘सगळे धर्म एकच’ असं कुणीतरी म्हणेल, म्हणून तुम्ही कान टवकारता. तसं कुणीच म्हणत नाही. पाद्री इस्लामवर टीका करतो, मौलवी खवळतात, आवाज चढतात. पण टीका करणारा सुखरूप मुक्कामी परततो. अर्थात इथल्या उदारपणालाही कुंपण आहे: डोईजड झालेल्या दोन बड्या उलेमांना बादशहाने मक्केची वाट दाखवली आहे.

दोन वर्षं पुढे सरका. १५८२. महाभारत फारसीत उतरतंय. देव मिश्र, चतुर्भुज असे पंडित संस्कृत श्लोकांचा अर्थ हिंदवीत सांगतात, नकीब खान आणि त्याचे सहकारी तो फारसीत लिहितात. त्यांच्यातल्या बदायुनीला हे काम मुळीच पसंत नाही. ती जळजळ तो स्वतःच्या गुप्त इतिहासात ओकणार आहे. तरी तो बसतो, ऐकतो, लिहितो. मन वळलेलं नसतानाही माणसं एकत्र काम करू शकतात, हे तुम्ही समोर पाहता.

आता जुलै १५८३. गोव्याच्या साष्टीतलं कुंकळ्ळी, धो धो पाऊस. पोर्तुगीजांनी इथली देवळं पाडली आहेत. आता चर्चसाठी जागा पाहायला पाद्री आले आहेत, आणि त्यांच्यात सिक्रीहून परतलेला रुडॉल्फ आहे. गावकरी शस्त्रं घेऊन धावतात. पाच मिशनरी मारले जातात, त्यांत तोही. पुढे बोलणी करू म्हणून गावच्या गावकारांना, म्हणजे मानकऱ्यांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं जातं आणि तिथे त्यांची कत्तल होते.

पाद्री तोच, त्याची श्रद्धा तीच. सिक्रीत त्याच्यापाशी फक्त शब्द होते, आणि ऐकणाऱ्याला ते झिडकारता येत होते. कुंकळ्ळीत त्याच्यामागे देवळं पाडणारी सत्ता होती, आणि ‘नको’ म्हणायची सोय गावाला उरली नव्हती.

तुमच्या काळात परतल्यावर एखादं शहर आपल्या सर्वधर्मसलोख्याची फुशारकी मारेल. तेव्हा व्यासपीठावर किती धर्मांचे गुरू हात धरून उभे आहेत, ते मोजू नका. तिथे ‘नको’ म्हणणाऱ्याचं प्रार्थनास्थळ, घर आणि जीव शाबूत राहतो का, एवढं विचारा.